पुन्हा बघण्याची सोय

डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत युरोप करून आलेलं एखादं कुटुंब सापडतंच. त्यांच्या पॅरिसच्या दिवसाची टिंगल करण्याची आपल्याकडे पद्धत आहे: सकाळी आयफेल, दुपारी लूव्र, मोनालिसासमोर हात उंच करून फोटो, संध्याकाळी सेन नदीत बोट. मला ती टिंगल पटत नाही. चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच, तेही काचेमागे, पुढे ही गर्दी. तिथे रसिकता दाखवायची म्हटली तरी दाखवणार कशी? पहिल्या भेटीत सगळेच भांबावतात. खरी अडचण ही की, पुढच्या शनिवारी तिथे परत जाता येत नाही.

नदीपलीकडे ऑर्सेचं संग्रहालय आहे. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं ते रेल्वे स्टेशन. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले (म्हणजे काय होतं, ते डोंबिवलीकराला सांगायला नको), आणि १९८६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. मोनेने काढलेली रूआँच्या कॅथीड्रलची पाच चित्रं तिथे आहेत. १८९२ आणि १८९३ मध्ये त्याने कॅथीड्रलसमोर भाड्याने जागा घेतली आणि एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडले. ऊन सरकलं की हातातला बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. तीसेक चित्रं झाली, विषय तोच दर्शनी भाग. एकात दगड तपकिरी, दुसऱ्यात निळा. मोने भाविक म्हणून तिथे बसला नव्हता. तो पुन्हा पुन्हा बघत होता, एवढंच.

अशी भिंत आपल्याकडे लोकलने काही स्टेशनं पुढे आहे. अंबरनाथचं शिवमंदिर: शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मम्वाणीचा काळ. कोवळं ऊन तिरपं पडलं की बाहेरच्या मूर्तींची कंबर, गुडघ्याचा बाक, दागिन्यांचे गोठ उठून दिसतात. भर दुपारी तीच भिंत सपाट. पावसात बेसाल्ट काळाभोर होतो आणि झिजलेल्या चेहऱ्यांवर ओठांची रेघ तेवढी उरते. शेजारच्या वालधुनी नदीचा वास मात्र बाराही महिने सारखाच.

१८६८ मध्ये मुंबई सरकारने जे. जे. स्कूलच्या टेरी यांच्या देखरेखीखाली तिथल्या शिल्पांची रेखाटनं करवली, साचे काढवले. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरून चित्रकला शिकवणारी ती शाळा. साचा घ्यायचा तर मूर्तीचा प्रत्येक खळगा हाताखालून जातो. एका फेरीत भागत नाही.

पॅरिस बघून आलेल्यांनी हीच घाई इथे करू नये, एवढंच माझं म्हणणं. जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी जावं, आणि पावसाळ्यात परत एकदा. महाशिवरात्रीला नको. त्या दिवशी भिंतीपेक्षा माणसंच जास्त दिसतात.