ओळख आणि स्मरण

मनुष्य कशाची आठवण ठेवतो यावरून त्याची पारख होते असें म्हणतात. आम्हांस वाटतें कीं, ती आठवण तो किती काटेकोरपणें ठेवतो यावरून त्याची पारख अधिक चांगली होते. थोर पुरुषांचीं चरित्रें, राज्यांचे उदयास्त, लढायांच्या तिथि यांच्या स्मरणास कोणी हरकत घेत नाहीं. परंतु इंग्लंड व अमेरिका या देशांत असे कांहीं गृहस्थ आहेत कीं, जे आपला फुरसतीचा वेळ रेल्वेच्या जुन्या वाफेच्या क्रेन ओळखण्यांत घालवितात. एखादें धूसर छायाचित्र हातीं आलें कीं, ही क्रेन कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची, कोणत्या रेल्वेच्या नोकरींत होती आणि तिची अखेर कोठें झाली, याचा ते मोठ्या चिकाटीनें शोध घेतात. पीटर टॅटलो यांनीं तर ब्रिटिश रेल्वेच्या अपघात-क्रेनांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आहे.

हें ऐकून पुष्कळांस हसूं येईल. पण हसण्यापूर्वीं एका प्रश्नाचें उत्तर देणें प्राप्त आहे. ज्या निर्जीव वस्तूनें आपलें काम केलें व जिची आज गरज उरली नाहीं, तिची अचूक ओळख ठेवण्यांत कांहीं नैतिक मूल्य आहे, कीं हा केवळ रिकामपणचा उद्योग आहे? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. कारण यंत्राच्या जागीं मनुष्य घातला तरी तो तसाच उभा राहतो.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. रेल्वेची क्रेन म्हणजे रुळांवर चालणारी यारी. वाफेच्या क्रेनमध्यें चाकांच्या भक्कम गाड्यावर एक फिरता मंच असे. मंचाच्या पुढच्या टोकास लांब लोखंडी भुजा, मागच्या टोकास बॉयलर आणि मध्यें बहुधा दोन सिलिंडरांचें एंजिन. दांत्यांच्या चाकांच्या जुळणीनें या एकाच एंजिनाकडून चार कामें करून घेत: ओझें वर ओढणें, भुजा वरखालीं करणें, मंच फिरविणें आणि क्रेनला रुळांवरून चालविणें. बॉयलर मागें ठेवण्यांत एक मर्म होतें. पुढें टांगलेल्या ओझ्यानें यंत्र उलथून पडूं नये म्हणून मागें भार लागतो. त्या भारांत बॉयलराचें वजनहि उपयोगी पडे. जें स्वतःचें ओझें, तेंच दुसऱ्याचें ओझें पेलण्याचें साधन होई. शिवाय क्रेनचें बळ भुजेच्या पल्ल्यावर अवलंबून असतें. भुजा जवळ असतां जी क्रेन मोठें ओझें लीलेनें उचलते, तीच भुजा लांबवितांच त्याचा लहानसा अंशहि जपून उचलते. कोणत्या पल्ल्यास किती टन, हें क्रेनवरच लिहून ठेवण्याची पद्धति आहे. आपल्या शक्तीची मर्यादा अंगावर लिहून चारचौघांत वावरणारे जगांत थोडेच.

या क्रेनांच्या ढोबळ मानानें तीन जाती सांगतां येतील. पहिली, यार्डांत नित्य राबणारी. कोळसा भरणें, राखेचे खड्डे उपसणें, रूळ व तुळया हलविणें हें तिचें काम. दुसरी अपघात-क्रेन; ती शेडमध्यें सज्ज उभी असे आणि कोठें गाडी रुळांवरून घसरली म्हणजे तिला बोलावणें येई. अमेरिकेंत अशा क्रेनांची ताकद २५० टनांपर्यंत गेली होती. तिसरी जात सर्वांत चमत्कारिक: खऱ्याखुऱ्या लहान एंजिनाच्याच पाठीवर क्रेन बसविलेली. इंग्लंडांत संडरलंड येथील डॉक्सफर्ड यांच्या जहाजांच्या कारखान्यांत अशीं एंजिनें १९७१ पर्यंत राबत होतीं. त्यांस रोकर, हेंडन, साउथविक, मिलफील्ड अशीं त्याच शहराच्या वस्त्यांचीं नांवें दिलेलीं होतीं, आणि हीं चारहि एंजिनें जतन झालीं आहेत. त्यांचें नशीब केवळ नांवामुळें फळफळलें असें म्हणतां येणार नाहीं. तरी नांव असलेल्या वस्तूवर कुऱ्हाड घालतांना हात क्षणभर थबकतो, हा मनुष्यस्वभाव आहे. ज्यांस फक्त अंक होते त्यांच्यासाठीं हात क्वचितच थबकला.

आमच्या प्रश्नाचें गांभीर्य दुसऱ्या जातींत स्पष्ट दिसतें. ८ ऑक्टोबर १९५२ रोजीं लंडनजवळच्या हॅरो अँड वील्डस्टोन स्थानकांत तीन गाड्या एकमेकींवर आदळून ११२ माणसें प्राणांस मुकलीं. डब्यांवर डबे चढून लोखंडाचा डोंगर झाला, तो उपसण्याचें काम क्रेनांनीं केलें. अशा दुर्घटनेचा इतिहास लिहितांना मृतांचा आंकडा लिहिला जातो, चौकशीचा निष्कर्ष लिहिला जातो, सिग्नलच्या पद्धतींत पुढें कोणती सुधारणा झाली तेंहि लिहिलें जातें. आणि हें सर्व योग्यच आहे. परंतु ढिगारा उपसणारें यंत्र व त्यावरचीं माणसें, म्हणजे क्रेन चालविणारा, बॉयलरांत कोळसा टाकणारा, साखळदंड अडकविण्यासाठीं मोडक्या डब्यांत शिरणारा, यांच्यासाठीं त्या इतिहासांत एखादी ओळहि क्वचितच सांपडते. अपघात-क्रेनचें नांव कोणत्याहि वेळापत्रकांत नसतें. ती दिसूं नये अशीच प्रत्येक प्रवाशाची इच्छा असते. ती येते तेव्हां दुःख घेऊन येते असें लोकांस वाटतें. वास्तविक तें दुःख आधींच येऊन पडलेलें असतें आणि ती तें उचलण्यास येते. समाजांत अशीं माणसेंहि असतात, आणि त्यांच्याशीं आपलें वर्तन याहून फारसें निराळें नसतें.

आतां ओळखण्याच्या कामाकडे वळूं. कार्लाइल येथील काउअन्स शेल्डन हा कारखाना १८४६ सालीं निघाला. इप्सविच येथील रॅन्सम्स अँड रॅपियर १८६९ सालीं. अमेरिकेंत बे सिटी येथें इंडस्ट्रियल वर्क्स १८७३ सालीं निघाला, आणि १९२७ सालीं क्लीव्हलंडच्या ब्राउन कंपनीशीं एक होऊन त्याचें नांव इंडस्ट्रियल ब्राउनहॉइस्ट झालें. तेव्हां पाटीवर यांपैकीं कोणतें नांव आहे यावरून क्रेन १९२७ पूर्वींची कीं नंतरची याचा अदमास बांधतां येतो. पाटी गेली असेल तर चाकांची संख्या, भुजेची घडण, बॉयलराची ठेवण यांची साक्ष काढावी लागते. अवजड क्रेनचा भार अधिक चाकांवर वांटला जावा आणि कामाच्या जागीं तीं जादा चाकें सोडवून ठेवतां यावींत, अशी एक युक्ति रॅन्सम्स अँड रॅपियरचे विल्फ्रेड स्टोक्स यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं काढली. तीं चाकें जिला मुळापासून आहेत, ती क्रेन त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. याप्रमाणें एकेका खुणेवरून तर्क चालतो, आणि विरुद्ध पुरावा पुढें येतांच आवडता तर्कहि सोडून द्यावा लागतो. ही शिस्त आम्हांस महत्त्वाची वाटते.

आमच्या नैयायिकांनीं स्मृति आणि प्रत्यभिज्ञा यांत भेद केला आहे. स्मृति केवळ पूर्वसंस्कारापासून उत्पन्न होते. प्रत्यभिज्ञेंत संस्काराच्या जोडीस समोरच्या वस्तूचें प्रत्यक्ष दर्शन असतें. ‘तोच हा देवदत्त’ हें तिचें प्रसिद्ध उदाहरण. स्मृतीला त्यांनीं प्रमेचा दर्जा दिला नाहीं, आणि हा निवाडा आम्हांस मार्मिक वाटतो. नुसतें स्मरण मनाच्या कलाप्रमाणें वळतें. ‘पूर्वींचीं यंत्रें काय भक्कम होतीं!’ असा सुस्कारा टाकणारा मनुष्य बहुधा यंत्राविषयीं नव्हे तर आपल्या तारुण्याविषयीं बोलत असतो. उलट, ‘ही अमक्या कारखान्याची अमुक सालची क्रेन’ असें म्हणणाऱ्यास समोरच्या लोखंडापुढें आपली हौस बाजूस ठेवावी लागते. ज्याची ओळख पटलेली नाहीं त्याचें स्मरण म्हणजे आपल्याच भावनेचें कौतुक होय.

यावर शंका निघेल कीं, ओळखावयाचें तरी काय? जुन्या क्रेनचा वाफेचा बॉयलर काढून तेथें डीझेल एंजिन बसविल्याचीं उदाहरणें आहेत. भुजा बदलते, चाकें बदलतात. मग ‘तीच ही’ असें कशास म्हणावें? हा प्रश्न नवा नाहीं. मिलिंद राजास नागसेनानें विचारलें होतें कीं, रथ म्हणजे चाक काय, आंस काय, कीं जूं? यांपैकीं एकहि नव्हे, आणि यांहून निराळाहि नव्हे. या सर्वांच्या आश्रयानें चालणारें ‘रथ’ हें एक नांव आहे, असा तेथें निर्णय झाला. तो आम्हांस मान्य आहे. परंतु त्यावरून ओळख व्यर्थ ठरत नाहीं. तिचें स्थान मात्र बदलतें. वस्तूच्या आंत दडलेलें कांहीं अक्षय सत्त्व शोधणें हें ओळखणाराचें काम नसून, कोणता भाग केव्हां गेला, कोणता केव्हां आला आणि त्या घडणीनें कोठें काय काम केलें, ही परंपरा अखंड सांगणें हें त्याचें काम आहे. मनुष्याची ओळख तरी याहून निराळी काय असते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोखंडावर प्रेम करतां करतां माणसांचा विसर पडतो, असें कोणी म्हणेल. आणि हा धोका खरा आहे. पाटीवरचा अंक ज्यास तोंडपाठ आहे, त्यास त्या बॉयलरापुढें भाजून निघालेल्या माणसाचा विचार सुचतोच असें नाहीं. शिवाय यंत्राची स्तुति करतांना बुद्धीचे दोन्ही हात पाहिले पाहिजेत. ज्या स्टोक्स यांच्या युक्तीनें अपघात-क्रेन अधिक समर्थ झाली, त्यांनींच १९१५ सालीं खंदकांतून मारा करणारी, त्यांच्या नांवानें प्रसिद्ध झालेली उखळी तोफ तयार केली. हें झांकून ठेवणारें स्मरण खोटें होय. आमच्या देशापुरतें बोलावयाचें तर, रेल्वेच्या क्रेन आपणांकडे इंग्लंडांतील कारखान्यांतून येत. जमालपूर येथें १८६२ पासून चालत आलेल्या कारखान्यांत त्या बनूं लागल्या त्या १९६१ सालीं. अर्थात् जुन्या क्रेनवरची कार्लाइलची पाटी नीट वाचणाऱ्यास त्या कारखान्याचें कौशल्य दिसतें, आणि आमच्या पैशावर कोणाचे कारखाने चालले तेंहि दिसतें. आंधळी स्तुति व आंधळा राग या दोहोंवर अचूक ओळख हाच उतारा आहे.

तरी सर्वच जुनें जपून ठेवावें असें आमचें म्हणणें नाहीं. तें शक्य नाहीं, आणि इष्टहि नाहीं. जुन्या लोखंडाचें नवें लोखंड होणें हा जगाचा रास्त व्यवहार आहे. ब्रिटिश रेल्वेवर ऑगस्ट १९६८ मध्यें मुख्य मार्गांवरील वाफेच्या एंजिनांची नित्याची सेवा संपली. शेंकडों एंजिनें भंगारांत निघालीं, आणि भंगाराच्या आवारांत लोखंडाचे तुकडे उचलून डब्यांत भरण्याचें काम क्रेनच करीत. पुढें त्यांचीहि तीच गत झाली. रॅन्सम्स अँड रॅपियर हा कारखानासुद्धां १९८७ सालीं बंद पडला. यांत अन्याय झाला असें आम्हीं म्हणत नाहीं. अन्याय होतो तो नोंद न ठेवण्यांत. वस्तु जपण्यास जागा लागते, पैसा लागतो. ती कोण होती व तिनें काय केलें हें लिहून ठेवण्यास लक्षापलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं. म्हणून पहिलें कर्तव्य कांहींजणांचें, दुसरें सर्वांचें.

यंत्राला कृतज्ञतेची अपेक्षा नसते. त्याला तिचें ज्ञानहि होत नाहीं. नेमक्या याच कारणानें येथें कृतज्ञतेची कसोटी लागते. जिवंत उपकारकर्त्याचे आभार मानण्यांत पुढच्या उपकाराची आशा मिसळलेली असूं शकते. मृताच्या गौरवांत त्याच्या कुळाची भीड असूं शकते. भंगारांत गेलेल्या क्रेनचें नांव, साल व काम बरोबर लिहून ठेवणारास कोणाकडूनहि कांहीं मिळावयाचें नसतें. ज्यानें आपलें ओझें उचललें त्यास नीट ओळखावें, एवढाच त्याचा हेतु उरतो. ही संवय ज्याच्या मनास लागली, त्याला घरांतील म्हाताऱ्या गड्याचें पुरें नांव विचारण्याची बुद्धि होण्याचा संभव अधिक आहे. आपणांपैकीं कितीजणांस तें ठाऊक असतें, याचा विचार वाचकांनींच करावा.