मांत्रिकाचा नकार

मांत्रिकाची नैतिक कसोटी त्याने नाकारलेल्या सामर्थ्यात असते. टॉल्किनच्या 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीखंडात गँडाल्फ सत्तेची अंगठी स्वीकारत नाही. करुणेपोटीच आपण ती वापरू, असे भय त्याला वाटते. जव्हार-मोखाड्यातील वारली भगत तांदळाचे दाणे पाहून आजाराचे कारण शोधतो. तेथेही मूळ हेतू रोगनिवारणाचाच. परंतु कारण म्हणून एखाद्या स्त्रीला ‘भुताळी’ ठरविले, की करुणेचेच हिंसेत रूपांतर होते. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा आरोपाला गुन्हा मानतो. कादंबरीतील प्रमादाची किंमत पात्रे मोजतात. येथे ती जिवंत स्त्री मोजते. म्हणूनच भगताला केवळ मिथक म्हणून वाचणारी समीक्षा अपुरी ठरते. नाव न उच्चारण्याचा संयम हीच त्याच्या विद्येची खरी सिद्धी होय.