वाचलेल्या माणसाचा चेहरा

सुपरहीरोंच्या चित्रपटांवर चाहत्यांची जुंपली की वाद हमखास तंत्राकडे वळतो. जुन्यांचे कैवारी म्हणतात, तेव्हा सगळं खरं होतं, आता नुसती संगणकाची करामत. नव्यांचे कैवारी जुन्या उड्डाणांना हसतात. सुपरमॅनपुरतं बोलायचं, तर या भांडणात मूळ मुद्दा दोघांच्याही हातून निसटतो, असं माझं ठाम मत आहे.

रिचर्ड डोनर यांचा १९७८चा ‘सुपरमॅन’ घ्या. त्यातल्या उड्डाणांसाठी झोरान पेरिसिच यांनी प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांच्या झूम लेन्स एकमेकींशी जोडल्या. दोन्ही एकदम सरकल्या की मागचं दृश्य जसंच्या तसं राहायचं आणि जागचा न हललेला, सुपरमॅन साकारणारा ख्रिस्तोफर रीव्ह जवळ आल्यासारखा किंवा दूर गेल्यासारखा भासायचा. त्या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांना विशेष ऑस्कर मिळालं. म्हणजे त्या काळातली ती सर्वांत पुढची नजरबंदीच होती. ‘तेव्हा सगळं खरं होतं’ हे म्हणणं इथेच लटकं पडतं.

त्या चित्रपटातला खरा चमत्कार तंत्राशिवायच घडतो. पत्रकार लोइसच्या घरात क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, एकटा उभा आहे, ती आत गेली आहे. तो चष्मा काढतो. पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो, आणि आपण पाहत असतानाच समोर सुपरमॅन उभा राहतो. खरं काय ते तो आता सांगणार, तेवढ्यात धीर सुटतो. चष्मा पुन्हा नाकावर, खांदे पुन्हा पडलेले. हे सगळं रीव्हच्या अंगात आहे. पडद्यावर याहून सुंदर रूपांतर मी तरी पाहिलेलं नाही.

आणि मग ते मांजर. ज्या रात्री तो राष्ट्राध्यक्षांचं विमान सावरतो, त्याच रात्री झाडावर अडकलेलं मांजर उतरवून एका लहान मुलीच्या हाती देतो. कथेला त्या मांजराची काही गरज नाही. पण हा माणूस कोण आहे, हे विमानापेक्षा मांजर अधिक सांगून जातं.

झॅक स्नायडर यांच्या २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’वर माझा राग आहे तो याच जागी. शेवटच्या लढाईत मेट्रोपोलिसच्या इमारती एकामागून एक कोसळतात, पण खाली कोण आहे याकडे चित्रपटाचं फारसं लक्षच नसतं. एका कुटुंबाला वाचवण्यासाठी सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो. त्याचा आक्रोश आपल्याला दिसतो, ते कुटुंब मात्र कथेतून निघून जातं. (पाण्यात पडलेल्या शाळेच्या बसचा प्रसंग उत्तम आहे, हेही सांगायलाच हवं. म्हणून तर शेवट जास्त खुपतो.) चाहत्यांनी यावर रान उठवलं. २०१६च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये स्नायडर यांनी तीच पडझड रस्त्यावरून दाखवली. धुळीत धावणारा ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, एका मुलीला विचारतो, आई कुठे आहे? ती बोट दाखवते ते कोसळलेल्या इमारतीकडे. आधीच्या चित्रपटाच्या अख्ख्या शेवटाला जे जमलं नव्हतं, ते त्या एका बोटाने केलं.

जेम्स गन यांच्या २०२५च्या ‘सुपरमॅन’मध्ये संगणकाचं काम उदंड आहे. तरीही अजस्र प्राण्याशी झुंजताना हा सुपरमॅन थांबतो आणि एका खारीला उचलून बाजूला नेतो. डोनर यांच्या मांजराचा वारसा सत्तेचाळीस वर्षांनी असा पुढे आला. त्याहून मोलाचा आहे तो मलिक अली. फलाफल विकणारा साधा माणूस, पडलेल्या सुपरमॅनला हात देऊन उठवणारा. पुढे खलनायक लूथर त्याला सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत ठार करतो. सुपरमॅन त्याला नावाने ओळखतो, म्हणून आपल्यालाही ते मरण लागतं.

डोनर यांच्या शेवटाबद्दल मात्र जुन्यांचे कैवारी सहसा गप्प बसतात. लोइस मरते आणि सुपरमॅन पृथ्वीभोवती उडून काळच उलटा फिरवतो. १९७८च्या त्या शेवटात मृत्यू पुसून टाकता येतो. मलिक अलीला परत आणण्याची अशी सोय गन यांनी ठेवलेली नाही, आणि या एका बाबतीत मी नि:शंकपणे नव्याच्या बाजूने आहे.