आरशापुढची लाज



घरातला देव्हारा उतरविला म्हणजे धम्मदीक्षा पुरी झाली असे नाही. जुन्या समजुती मागल्या दाराने परत येतात. आज त्यांनी आपल्या वयात आलेल्या मुलामुलींना गाठले आहे.

दापोलीच्या कॉलेजात जाणारी मुलगी उपाशीपोटी घर सोडते. जेवले तर जाड दिसेन म्हणते. रंग उजळावा म्हणून बाजारचे मलम फासते. मुलगा दंड फुगविण्यासाठी कसलीशी पावडर पितो आणि मध्यरात्रीपर्यंत मोबाईलवरील देहांशी आपला देह ताडून पाहतो. दोघांनाही स्वतःच्या शरीराची लाज वाटते. ही लाज त्यांना कोणी शिकविली? "पोर काळी आहे, हिला कोण करील?" हे आपल्याच पडवीत बोलले जाते ना?

रंगावरून माणसाची किंमत करणे आणि जन्मावरून करणे, ही एकाच झाडाची फळे आहेत. वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्ध सांगतात की, गवत, किडे, पक्षी यांच्या जाती शरीराच्या खुणांवरून ओळखता येतात. पण केस, डोळे, ओठ, वर्ण पाहून माणसामाणसांत तसा भेद करता येत नाही. माणूस कर्माने ओळखावा. लकुंटक भद्दिय हे भिक्खू ठेंगणे व कुरूप म्हणून हिणविले जात. तथागतांनी हिणविणाऱ्यांनाच त्यांची थोरवी सांगितली.

मग शरीराची हेळसांड करावी काय? मुळीच नाही. सिद्धार्थाने उपवासाने देहाचा सापळा केला, पण तो मार्ग निष्फळ जाणून सोडला आणि सुजाताची खीर घेतली. उलट, कोसलचा राजा पसेनदी अति जेवून धापा टाकीत आला, तेव्हा त्याला मात्रेने जेवण्याचा उपदेश केला. उपासमार नको, अतिरेकही नको. मध्यम मार्ग ताटालाही लागू आहे.

डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदलण्यास, जुने दागिने टाकण्यास व स्वच्छ राहण्यास सांगितले. ती अस्पृश्यतेची खूण पुसण्यासाठी होती. देहाची लाज धरण्यासाठी नव्हे. माता रमाईचे वणंद गाव याच तालुक्यातले. त्या माउलीची थोरवी आपण कधी रंगाने मोजली काय?

म्हणून मातापित्यांनो, घरात कोणाला रंगावरून वा अंगावरून नाव ठेवू नका. पाळी सुरू झालेल्या मुलीच्या अंगातले लोह दर महिन्याला कमी होते. तिला उपाशी ठेवणे घातक आहे. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पालेभाजी, मासळी ही आपल्या कोकणची संपत्ती आहे. नाचणीत तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असते. डॉक्टरांच्या सल्ल्याविना मलमे आणि पावडरी नकोत. काही मलमांत पारा आणि स्टिरॉइड सापडले आहेत. गुटखा व दारू मुलाने सोडावी असे वाटत असेल, तर पाचवे शील आधी बापाने पाळावे.

येत्या रविवारी वंदनेनंतर मुलांना जवळ बसवा आणि त्यांचे ऐकून घ्या. ज्या घरात मूल आरशापुढे मान वर करून उभे राहते, त्या घरात धम्म पोहोचला असे समजावे.

सर्वांचे मंगल होवो.