वाहन, देह आणि रिंगण

दुसऱ्यासाठीं खेळ रचणें हें वरवर पाहतां निरुपद्रवी काम दिसतें. परंतु रचणारा नियम लिहूं लागला, म्हणजे ज्यांच्यासाठीं तो लिहितो त्यांना तो काय समजतो, हें त्याच्याही नकळत कागदावर उतरतें. हा विचार आम्हांस सुचण्यास कारण आमचा बारा वर्षांचा पुतण्या. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नांवानें जगभर प्रसिद्ध असलेल्या रूपांतरशील यंत्रमानवांच्या कथांचें त्यास वेड आहे. हे यंत्रमानव सायबरट्रॉन नांवाच्या ग्रहावरचे. मनांत येईल तेव्हां ते मोटार, मालमोटार किंवा विमान होतात. सुटीच्या दिवसांत त्यानें एक वही भरून या ग्रहावरील रिंगणाचे खेळ रचले. वाटोळ्या मार्गावर दोन मोटारी समोरासमोर सोडावयाच्या. टक्कर होण्याच्या क्षणीं ज्याला साधेल त्यानें रूप पालटून प्रतिस्पर्ध्यास उलथावयाचें. आणि हरणाऱ्याचें एक चाक जिंकणाऱ्यानें काढून घ्यावयाचें. आम्हीं विचारलें, “एखाद्याला खेळायचंच नसेल तर?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “तसं नाहीं चालणार. हवं तेव्हां ‘नको’ म्हणतां आलं, तर मग काका, बघायला येणार कोण?” या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं.

या यंत्रमानवांचा जन्म कसा झाला हें पाहिलें असतां प्रश्नाचें मर्म ध्यानांत येतें. जपानांतील टाकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ या खेळण्यांत मोटारीचा यंत्रमानव होत असे. पण तो चालविण्यास एक चिमुकला चालक असे. १९८४ सालीं अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें हीं व टाकाराचींच आणखी कांहीं खेळणीं घेऊन ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही मालिका काढली. तेव्हां चालक गळाला, आणि यंत्रालाच नांव, स्वभाव व वाणी प्राप्त झाली. खेळण्यांतील बदल लहान, परंतु तत्त्वतः मोठा. आजवर जें वाहन साधन होतें, तें आतां देह झालें.

मोटारींच्या शर्यतींना आपण जी नैतिक सवलत देतों, ती साधन व देह यांच्या या भेदावरच उभी आहे. यंत्र मोडलें तरी मनुष्य वांचावा अशी व्यवस्था करतां येते, म्हणूनच मोडक्या मोटारीकडे आपण निर्धास्तपणें पाहूं शकतों. जून १९५५ मध्यें फ्रान्समधील ल मां येथील शर्यतींत एका मोटारीचे तुकडे प्रेक्षकांच्या गर्दींत घुसून ऐंशींहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. शर्यत मात्र शेवटपर्यंत चालविण्यांत आली. त्या घटनेनें जगास जो धक्का बसला, त्याचें एक कारण हेंच, कीं लोखंडापाशीं थांबावयाचा आघात मांसापर्यंत पोहोंचला होता. यंत्रमानवांच्या रिंगणांत ही सीमाच नाहीं. तेथें पत्र्यास पडलेला प्रत्येक पोंचा ही जखमच होय.

यावर आमचा पुतण्या आणि त्याच्याहून वयानें मोठे असे पुष्कळ रसिक आक्षेप घेतील: यंत्राचें अंग मोडलें तर नवें बसवितां येतें, मग क्रौर्य तें कोठलें? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. भरून येणारी जखम आणि न भरणारी जखम यांत अंतर आहे, हें मान्यच केलें पाहिजे. परंतु दुरुस्तीची सोय झाली म्हणजे अन्याय संपतो काय? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गालेन हा विख्यात वैद्य पेर्गामम नगरांत ग्लॅडिएटरांवर उपचार करण्यासाठीं नेमला गेला होता. तरबेज योद्धा तयार करण्यास वेळ व पैसा लागे. म्हणून त्याची जखम काळजीपूर्वक बांधली जाई. त्या शुश्रूषेनें कित्येकांचे प्राण वांचले असतील. पण बरा झालेला मनुष्य पुन्हां रिंगणांतच पाठविला जात असे. सारांश, अन्यायाचें मूळ केवळ मोडतोडींत शोधून चालणार नाहीं. तें अधिक खोल आहे.

आमच्या मतें तें रूपाच्या सक्तींत आहे. रोमच्या रिंगणांत उतरणारे बहुतेक गुलाम, युद्धकैदी अथवा शिक्षा झालेले अपराधी असत. कोणी जाळें व त्रिशूळ घेणारा, कोणी मोठी ढाल धरणारा, कोणी रथावरून लढणारा, असे त्यांचे वर्ग ठरलेले होते. आणि ज्याला ज्या वर्गांत घातलें, तो सामान्यतः त्याच शस्त्रानें जगे वा मरे. सायबरट्रॉनच्या कथाकारांना हें मर्म उमगलेलें दिसतें. कांहीं कथांत त्या ग्रहावर अशी राजवट वर्णिली आहे, कीं जो ज्या वाहनाचें रूप घेऊन जन्मला त्यानें तेवढेंच काम करावें. २०२४ सालच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ या चित्रपटांतील खाणकामगारांना तर रूपांतर करतांच येत नाहीं. ज्या चक्राच्या योगें तें साधतें, तें त्यांच्याच राज्यकर्त्यानें कपटानें काढून घेतलेलें असतें. जन्मावरून धंदा ठरविणारी व्यवस्था आम्हां भारतीयांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्याचा स्वभावच पालटण्याचा, त्यास एका रूपांत खिळून टाकणें ही त्याची अर्धी हत्या होय. पुतण्याच्या वहींतील तें चाक आम्हांस खटकलें तें यामुळें. चाक गमावणाऱ्याचें केवळ एक अंग जात नाहीं. त्याचें एक रूपच जातें.

पण तो आपखुषीनें उतरला असेल तर? रोममध्येंही कांहीं स्वतंत्र माणसें करार करून ग्लॅडिएटर होत असत. येथें महाभारतांतील द्यूतसभा आठवते. युधिष्ठिरानें प्रथम स्वतःस पणास लावलें आणि मग द्रौपदीस. जो स्वतःस आधींच हरला, त्याला मला पणास लावण्याचा अधिकार उरला होता काय, हा तिचा प्रश्न भीष्मासही सोडवितां आला नाहीं. त्या प्रश्नाचा एक पदर असा, कीं हक्क बजावण्यास बजावणारा शिल्लक असावा लागतो. संमतीचेंही तेंच आहे. धन पणास लावणारा हरला तरी उद्यां ‘नको’ म्हणूं शकतो. स्वतःस पणास लावणारा हरला, म्हणजे ‘नको’ म्हणणाराच नाहींसा होतो.

तेव्हां अशा समाजासाठीं न्याय्य खेळ रचावयाचा तर तीन गोष्टी संभाळल्या पाहिजेत. रिंगणांत उतरण्याची जशी, तशीच मध्येंच बाहेर पडण्याचीही मोकळीक हवी. रूप पालटण्याचा हक्क कोणत्याही क्षणीं अबाधित हवा. आणि ज्या अंगाच्या बळावर खेळाडू पुन्हां खेळूं शकतो, तें अंग पणास लागतां कामा नये. एवढ्यानें खेळ बेचव होईल, असें आम्हांस वाटत नाहीं. वाटोळा मार्ग राहूं द्या, टक्करही राहूं द्या. मार्गाबाहेर ढकलला गेला तो हरला. मोटार झाल्यास वेग मिळतो पण हात जातात. मनुष्यरूप घेतल्यास हात येतात पण वेग जातो. आणि पालटण्याच्या निमिषांत खेळाडू धड हें नाहीं, धड तें नाहीं, म्हणून तो सर्वांत दुर्बळ. केव्हां पालटावें, या एका निर्णयांत सारें कौशल्य आहे. आणि तो निर्णय जितका अचूक, तितकी चिमुकली मोटारही अजस्र मालमोटारीस भारी ठरेल.

कोणी म्हणेल, हे सारेच काल्पनिक. येथें तेल सांडेल, रक्त नव्हे. कबूल. कथेंत क्रूर रिंगण असूंच नये, असेंही आमचें म्हणणें नाहीं. २००७ सालच्या ‘मेगाट्रॉन ओरिजिन’ या चित्रकथेंत मेगाट्रॉन हा खाणकामगार चोरट्या रिंगणांत लढूं लागतो, आणि तेथूनच तो पुढें बंडखोरांचा नायक होतो. इसवी सनापूर्वीं ७३ मध्यें कापुआच्या तालमींतून स्पार्टाकस निसटला, तो रिंगण मागें टाकून. मेगाट्रॉन मात्र रिंगण बरोबर घेऊन निघतो, आणि अखेर साऱ्या ग्रहाचेंच रिंगण करतो. अशी कथा रिंगणाचा हिशेब मांडते. आमची तक्रार आहे ती हिशेब न मांडतां नुसती मजा घेणाऱ्या कल्पनेविषयीं.

राहिला पुतण्याचा प्रश्न: बघायला येणार कोण? प्रेक्षकांच्या सुबुद्धीवर विसंबून राहण्यांत अर्थ नाहीं. संत ऑगस्टिनानें आपल्या आत्मवृत्तांत अलिपिउस नांवाच्या मित्राची हकीकत सांगितली आहे. सोबत्यांनीं ओढून नेलें म्हणून तो ग्लॅडिएटरांचे सामने पाहावयास गेला आणि निश्चयानें डोळे मिटून बसला. परंतु गर्दींतून आरोळी उठतांच त्यानें डोळे उघडले, आणि त्याला तो नाद लागला. आपण अलिपिउसाहून बळकट आहों, अशी खात्री कोणीं द्यावी? तथापि त्याच रोमनें दुसराही दाखला ठेवला आहे. कलोसियममध्यें सुमारें पन्नास हजार प्रेक्षक मावत. रथांच्या शर्यतींच्या सर्कस माक्सिमसमध्यें, इतिहासकारांच्या अंदाजानें, त्यांच्या तिप्पट. त्या शर्यती निर्दोष होत्या असें नाहीं. सारथ्यांत गुलाम पुष्कळ, आणि तरुणपणींच चिरडून मरणारेही पुष्कळ. परंतु तेथें जिंकण्यासाठीं दुसऱ्याचा देह घ्यावा लागत नसे, आणि तरीही लोक झुंडीनें येत.

त्याच दुसऱ्या शतकांतील दिओक्लेस नांवाच्या सारथ्याचा हिशेब शिलालेखांत कोरलेला आहे. तो ४,२५७ शर्यती धांवला, त्यांपैकीं १,४६२ जिंकला. मधून मधून त्यानें आपला संघही बदलला, आणि वयाच्या ४२ व्या वर्षीं स्वस्थपणें रथांतून उतरला. हें आम्हीं पुतण्यास सांगितलें. आम्हांस वाटलें होतें, जिंकलेल्या शर्यतींचा आंकडा ऐकून तो थक्क होईल. त्यानें वहीच्या कोपऱ्यांत वजाबाकी केली आणि म्हणाला, “म्हणजे काका, दोन हजार सातशें पंचाण्णव वेळां तो जिंकला नाहीं, आणि तरी त्याची चाकं त्याच्याकडेच राहिलीं?”

चाकाचा नियम वहींत अजून तसाच आहे. मात्र त्याच्यापुढें त्यानें पेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलें आहे.