गुड्डा-गुड्डीचा निकाह आणि मोठ्यांची जबान

पहिलीतल्या मुलाला विचारावे, "शादी कोणाशी करणार?" तो क्षणाचाही विलंब न लावता सांगतो, "दादीशी." का? तर दादी गोष्टी सांगते, रात्री कुशीत घेते. एखादी मुलगी अब्बांचे नाव घेते, एखादी डब्यातला शिरा वाटून खाणाऱ्या मैत्रिणीचे. घरातली माणसे पोट धरून हसतात. आम्हा शिक्षकांच्या कानांवर अशी उत्तरे नेहमीच पडतात आणि वाटते, यात हसण्यासारखे नेमके काय आहे?

मुलाच्या लेखी लग्न म्हणजे ज्याच्याजवळ भीती वाटत नाही त्याच्यासोबत राहणे. बिरादरी, जहेज, खानदान यांतले त्याला काही ठाऊक नसते. कुरआन शरीफच्या सूरह रूममध्ये पती-पत्नीच्या नात्याविषयी सांगताना मनाचा सुकून, माया आणि दया यांचाच उल्लेख येतो. मूल नकळत त्याच उंबरठ्यावर उभे असते. अर्थात त्याची समज अपुरी आहे. निकाह हा करार आहे. त्यात इजाब-कुबूल लागते, साक्षीदार लागतात, मेहर लागतो. जबाबदारी म्हणजे काय हे मुलाला कळत नाही. म्हणून तर गुड्डा-गुड्डीचा निकाह दुपारी लागतो आणि मानपानावरून भांडण होऊन संध्याकाळी मोडतो. कोणाचे काही बिघडत नाही. मोडता येतो म्हणूनच तो खेळ.

खेळ बिघडतो तो मोठ्यांमुळे. "ही तर आमच्या घरची सून," असे मामू किंवा फुफी पाच वर्षांच्या मुलीला म्हणतात, सगळे हसतात. पुढे ईदला त्या घरून तिच्यासाठी वेगळा जोडा येऊ लागतो. मुलगी बारावीला पोहोचते तेव्हा त्या थट्टेचे नाव बदललेले असते. आता म्हणतात, "अब्बांनी जबान दिली आहे."

जबान पाळणे हा सद्गुण आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच, की दुसऱ्याच्या आयुष्याची जबान आपल्याला देता येते काय? जे आपल्या मालकीचे आहे त्याचेच वचन देता येते. मुलगी अमानत आहे, मालमत्ता नव्हे.

याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. खन्सा बिन्त खिदाम या अन्सारी स्त्रीचा निकाह वडिलांनी तिच्या मर्जीविरुद्ध लावला. ती प्रेषितांकडे (स.) गेली आणि त्यांनी तो निकाह रद्द ठरवला. सहीह बुखारीत ही नोंद आहे. आपल्या देशात 1939च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानेही हे तत्त्व मानले. पंधरा वर्षांच्या आत वडिलांनी किंवा पालकाने लग्न लावून दिले असेल आणि पती-पत्नीचे सहजीवन सुरू झाले नसेल, तर अठरा वर्षांची होण्याआधी मुलीला ते नाकारता येते. प्रत्यक्ष लागलेला निकाह जिथे नाकारता येतो, तिथे दिवाणखान्यातल्या थट्टेला एवढे वजन का असावे?

कुणी म्हणेल, "आम्ही मुलीला विचारतो. ती गप्प राहते आणि कुमारिकेचे मौन हीच तिची संमती, असे हदीसमध्येच आहे." खरे आहे. पण ही सवलत लाजणाऱ्या मुलीसाठी आहे, घाबरलेल्या मुलीसाठी नाही. जिला घरात कधी 'नको' म्हणू दिले नाही, तिचे मौन ही रजामंदी की सवय? दोन्ही मौने वरून सारखीच दिसतात. त्यांतला फरक फक्त घरच्यांना कळू शकतो, तोही कळून घ्यायचा असेल तर.

म्हणून सुरुवात लहानपणीच करायला हवी. "दादीशी शादी करणार," असे मूल म्हणाले तर त्याला लाजवू नये. "बेटा, दादीवर माया करायला शादी लागत नाही," एवढे सांगितले तरी त्याला पुरते. आणि खेळात एखादी मुलगी "मला नाही व्हायचे दुल्हन," म्हणाली, तर तिला चिडवू नये, समजूतही घालू नये. तिचे 'नाही' त्या दिवशी ऐकले गेले, तरच उद्या काजींसमोर तिच्या 'कुबूल है'ला काही किंमत राहील.