धर्मार्थ दवाखान्यातील विद्यार्थी

तंजावरच्या सरफोजी राजांनी (१७७७-१८३२) धन्वंतरी महालात औषधांचे संशोधन चालविले. त्यांच्या नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रोग्यांस उपचार लाभले, राजांस ज्ञान. मग ती सेवा सकाम म्हणावी काय? वैद्यकाच्या प्रवेशापूर्वी धर्मार्थ दवाखान्यात राबणाऱ्या मुलाविषयीही हाच प्रश्न उभा राहतो. शिकण्याच्या इच्छेत आम्हांस दोष दिसत नाही. परंतु फुकट औषध घेणारा दरिद्री ‘या मुलाचा हात नको’ असे सहसा म्हणू धजत नाही. म्हणून मुलानेच आधी त्याची अनुमती मागावी, आणि नकार मिळाला तरी आदर उणावू देऊ नये. विलक्षण रोग दिसताच मुले भोवती जमतात. साध्या खोकल्याची म्हातारी मात्र बाकावर खोळंबते. तिच्यापासून शिकण्याजोगे काहीच नसते. तिला तो पाणी नेऊन देतो काय?